नदी नितळ झाली आणि मासे मेले

दिवाळी अंकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, राशिभविष्य असावे, व्यंगचित्रे तर असावीतच असावीत. अशा सणासुदीच्या पंगतीत आमच्या सदराने चिखलाचे ताट वाढावे, हे काही मंडळींना रुचणार नाही. पण आमच्या नेहमीच्या वाचकांना आमची खोड ठाऊक आहे. स्वयंपाकघरातून निघालेली आमची गाडी पुष्कळदा शेतात, नदीत किंवा डोंगरावर जाऊन उभी राहते. यंदा ती समुद्रकाठच्या काळ्या चिखलात उभी राहणार आहे. आणि हा चिखल साधासुधा नाही बरे! पाण्याखाली निजलेला असतो तोवर तो मासे, कुर्ल्या, कोळंब्या यांना पोसतो. त्यातले पाणी काढून घेतले आणि त्याला वारा लागला, की त्यात गंधकाम्ल तयार होते. मोटारीच्या बॅटरीत असते तेच हे गंधकाम्ल.

सुरुवात मात्र घरातूनच करू. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की त्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा, भांडे झाकून ठेवायचे आणि तासा-दोन तासांनी वरचे नितळ पाणी हलकेच ओतून घ्यायचे, ही युक्ती आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तुरटीत अॅल्युमिनियम असते. पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या बारीक कणांना ते एकमेकांशी जोडते, त्यांचे पुंजके होतात, आणि जड झालेले पुंजके तळाशी बसतात. घागरीपुरती ही मोठीच सोय आहे. पण समजा, एखाद्या अख्ख्या नदीत कोणी तुरटी फिरवली तर?

१९८७ साली ऑस्ट्रेलियात जवळजवळ तसेच घडले. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, ट्वीड नावाची नदी आहे. आपल्या कोकणातल्या नद्यांसारखीच ही बेताच्या लांबीची. डोंगरात उगम पावायचे, थोडे सपाटीवर रेंगाळायचे आणि समुद्राला मिळायचे, एवढाच तिचा प्रवास. त्या सपाटीवर उसाचे मळे पसरलेले आहेत. तिथला काँडाँगचा साखर कारखाना १८८० सालचा, म्हणजे ऊस काही तिथे काल-परवा आलेला नाही. त्या वर्षी कोरड्या दिवसांनंतर जोराचा पाऊस झाला. पावसानंतर नदीने गढूळ व्हावे ही जगाची रीत. ही नदी मात्र स्फटिकासारखी नितळ झाली. पाहणाऱ्याला वाटावे, काय सुंदर पाणी! आणि त्याच सुंदर पाण्यात सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात मासे आणि कल्ल्यांनी श्वास घेणारे इतर जीव मरून गेले.

असे काही घडले की कोणाच्याही मनात पहिला संशय येतो तो विषाचा. एखाद्या कारखान्याने काही सोडले असेल, शेतावर मारलेले औषध वाहून आले असेल, असे आपण लगेच म्हणतो. ट्वीडचे विष कोणी बाटलीत भरून आणलेले नव्हते. ते जमिनीतच तयार झाले होते, आणि जमिनीतून पाणी काढून टाकण्यासाठी खणलेल्या चरांनी ते नदीपर्यंत आणून सोडले होते. गंधकाम्लाने मातीतले अॅल्युमिनियम विरघळवले होते. त्या अॅल्युमिनियमने पाण्यातला गाळ खाली बसवला, म्हणून नदी नितळ दिसली. तेच अॅल्युमिनियम आणि तेच आम्ल माशांच्या नाजूक कल्ल्यांवर बसले, आणि भर पाण्यात मासे गुदमरले.

आता हे आम्ल जमिनीत आले कोठून, ते पाहू. त्यासाठी सहासात हजार वर्षे मागे जावे लागेल. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढत चढत आजच्या पातळीजवळ येऊन थांबला. नद्यांच्या मुखांशी खाड्या झाल्या, त्यांत गाळ साचू लागला, आणि त्या गाळावर तिवरांची वने उभी राहिली. पाने गळावीत, मुळे कुजावीत, भरतीने रोज दोनदा खारे पाणी आणावे, असा क्रम शतकानुशतके चालला. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात, म्हणजे सल्फेट. गाळात लोह असते. कुजणाऱ्या पानांत खाद्य असते. चिखलात आत हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून जगणारे जे सूक्ष्म जंतू तिथे असतात, ते श्वासाला प्राणवायू मिळत नाही म्हणून सल्फेटावर आपला निर्वाह करतात. खाडीच्या चिखलात पाय रुतला की कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो या जंतूंच्या उद्योगाचाच. त्या उद्योगातून गंधक आणि लोह यांचे एक संयुग चिखलात साठत जाते. खनिजांच्या संग्रहालयात याचेच मोठे स्फटिक पितळेसारखे चकाकताना दिसतात, आणि त्याला पायराइट म्हणतात. चिखलातले त्याचे कण मात्र इतके बारीक असतात की डोळ्यांना काही दिसत नाही. दिसतो तो नुसता काळा-करडा, लोण्यासारखा मऊ गाळ.

पाण्याखाली हे पायराइट हजारो वर्षे निमूट पडून राहते. त्याला हवा लागली, की प्राणवायू आणि पाणी यांच्या संगतीने त्याचे रूपांतर लोहाच्या क्षारात आणि गंधकाम्लात होऊ लागते. रसायनशास्त्राचा हिशेब असा की, एक टन पायराइट पुरते बदलले तर त्यातून सुमारे १.६ टन गंधकाम्ल निघते. ते मारायला जवळजवळ तितकीच, म्हणजे १.६ टनांच्या वर, शुद्ध चुनखडी लागते. शेतात टाकायच्या चुन्याचे दर ज्यांना माहीत आहेत, त्यांनी हा आकडा वाचून कपाळाला हात लावला असेल.

आम्लाची तीव्रता पीएच नावाच्या अंकाने मोजतात, हे शाळेत जाणारी मुले आपल्याला सांगतील. शुद्ध पाण्याचा पीएच ७, समुद्राचा साधारण ८, ताकाचा साडेचारच्या आसपास आणि लिंबाच्या रसाचा दोन-अडीच. अंक जितका खाली तितके आम्ल अधिक, आणि एकेका पायरीला आंबटपणा दसपट वाढतो. अशा जमिनीतून निघणाऱ्या चरांतल्या पाण्याचा पीएच ३ च्या घरात जाऊ शकतो, म्हणजे ते व्हिनेगरच्या पंगतीला जाऊन बसते. या सुट्टीत मुलांना एक खेळ करून दाखवावा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून त्यांचा रंग उतरू द्यावा. त्या पाण्यात लिंबू पिळले की ते चमकदार गुलाबी-लाल होते, आणि खाण्याचा सोडा टाकला की हिरवट निळ्याकडे झुकते. आम्ल ओळखण्याचा हा कागद देवघरातल्या तबकात रोज असतो, एवढेच.

तर मग ट्वीडकाठच्या चिखलाला हवा लागली कशी? शेतकऱ्यांनी निचरा केला म्हणून. यात त्यांचा दुष्टपणा मुळीच नव्हता. जमिनीत पाणी साचू देऊ नये, चर खणून ते बाहेर काढावे, हा शेतीचा धडा आपल्याकडेही गिरवला जातो. कोल्हापूर-सांगलीकडे उसाला पाणी देऊन देऊन ज्या जमिनी चोपण झाल्या, त्यांना चांगला निचरा हेच औषध आहे, आणि ते औषध तिथे योग्यच आहे. पण एका जमिनीचे औषध दुसरीला विष ठरू शकते. समुद्रसपाटीपासून चार-पाच मीटरांपेक्षा कमी उंचीच्या, खाडीच्या गाळाने बनलेल्या सपाट जमिनीत पायराइटाचा थर कधी कधी जेमतेम मीटरभर खोल, कधी त्याहूनही वर असतो. तिथे खोल चर काढला की दोन गोष्टी एकदम होतात. चरातून निघालेला काळा गाळ काठावर उन्हात पडतो, आणि आजूबाजूच्या शेतांतले भूजल खाली उतरते. पाणी खाली गेले की त्याच्या जागी भेगांतून हवा शिरते. वर्षभर हे आम्ल जमिनीत गुपचूप तयार होत असते. शेतकऱ्याला त्याची चाहूल लागत नाही. मग कोरड्या दिवसांनंतर पहिला मोठा पाऊस येतो, सगळे आम्ल धुऊन चरात उतरते, आणि एका आठवड्यात नदी कित्येक महिन्यांचे साठलेले पाप पदरात घेते.

मासे एकदम मेले तर निदान गाजावाजा होतो. थोडे थोडे आम्ल नेहमी झिरपत राहिले तर होणारे नुकसान निमूटपणे होते. ट्वीडच्या दक्षिणेला रिचमंड आणि क्लॅरन्स या नद्यांत माशांच्या अंगावर लाल चट्टे पडून त्यांच्या जखमा होत. ही जखम एका बुरशीसारख्या जीवामुळे होते. पण आम्लाच्या पाण्याने माशाची कातडी आधीच दुखावलेली असली तर त्या जीवाला शिरकाव सोपा जातो, असे तिथल्या संशोधकांना आढळले. आम्लाने कालवांच्या शिंपा झिजतात. पुलाचे खांब, सिमेंटचे नळ, लोखंडी सळ्या यांनाही ते सोडत नाही. गटाराचे नळ अकाली पोखरले जातात आणि घराच्या पायाला धोका पोहोचतो. तेव्हा हा प्रश्न एकट्या कोळ्याचा नाही. ज्याने खाडीकाठी कर्ज काढून घर घेतले आहे, त्याचाही आहे.

ही माती शास्त्राला नवीन आहे असे मात्र समजू नये. समुद्र हटवून जमीन मिळवण्यात ज्यांनी जगात नाव कमावले, त्या डच लोकांना ती फार पूर्वीपासून भेटत आली आहे. नव्याने कोरड्या केलेल्या काही शेतांत पीकच येत नसे, आणि मातीत पेंढ्यासारख्या पिवळ्या रंगाचे डाग दिसत. त्या मातीला त्यांनी आपल्या भाषेत ‘मांजर-चिकणमाती’ असे नाव ठेवले. वनस्पतींना नावे देणारा थोर स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७३५ साली हॉलंडमधल्या या मातीची नोंद लॅटिन भाषेत केली. त्या नावाचा आपल्या भाषेत अर्थ करायचा तर ‘हिराकशी चिकणमाती’ असा होईल. हिराकस म्हणजे लोह आणि गंधकाम्ल यांचा क्षार, तेव्हा नाव किती नेमके आहे पहा. पुढे १९७२ साली हॉलंडमध्येच, वाखनिंगन येथे, या मातीवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जगात अशी जमीन सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टर असावी असा एक अंदाज आहे. व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, पश्चिम आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथे तिचे मोठे पट्टे आहेत. आपला देशही यातून सुटलेला नाही. त्याविषयी पुढे येतोच.

ट्वीडच्या गोष्टीचा आम्हांला सर्वांत आवडणारा भाग मासे मेल्यानंतरचा आहे. अशा वेळी सहसा काय होते? मासेमारी करणारे शेतकऱ्यांकडे बोट दाखवतात, शेतकरी पावसाकडे बोट दाखवतात, आणि सरकार समिती नेमते. तिथेही समिती नेमली गेली, १९९४ साली. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. ज्या उसाच्या शेतांतून आम्ल येत होते, तिथल्या काही शेतकऱ्यांनी विद्यापीठांतल्या मृदाशास्त्रज्ञांना आपल्या बांधावर बोलावले आणि ‘मोजा काय मोजायचे ते’ म्हणून शेते मोकळी केली. जमिनीत नळ्या रोवून पाण्याची पातळी पाहिली गेली, चरांच्या तोंडाशी आम्ल मोजले गेले. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट कळली. कोरड्या दिवसांत भूजल खाली ओढण्यात चरांपेक्षा उसाच्या मुळांचाच वाटा मोठा होता. पीक आपल्या पानांतून इतके पाणी उडवते की पाण्याची पातळी चराच्या तळाच्याही खाली जाते. म्हणजे चर आणखी खोल करून पिकाचा काडीचाही फायदा नव्हता. खोल चर फक्त आम्ल वाहून नेण्याचे काम चोख बजावत होते.

मग उपाय साधा सुचला. जमीन लेझरच्या साह्याने अगदी हलक्या उताराची आणि एकसारखी करावी, म्हणजे पावसाचे वरचे पाणी लवकर निघून जाते आणि उसाची मुळे बुडत नाहीत. तसे झाले की चर थोडे पुरतात आणि उथळ पुरतात. जे खोल चर होते त्यांतले कित्येक बुजवता येतात. राहिलेल्या चरांच्या काठावर चुना टाकावा. खालचा काळा थर आहे तिथे ओलाच राहू द्यावा. या रीतीने नदीत जाणारे आम्ल घटले, आणि चर बुजल्यामुळे ऊस लावायला थोडी जमीनही अधिक मिळाली. ज्यांच्यावर ठपका आला त्यांच्याच शेतावर इलाज सापडला. भांडणापेक्षा मोजमाप कसे उपयोगी पडते, याचा इतका चांगला दाखला आमच्या तरी वाचनात दुसरा नाही.

सरकारनेही आपले काम केले. १९९५ च्या सुमारास न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याचे नकाशे तयार झाले. कोणत्या गावात, किती खोलीवर अशी माती असण्याचा संभव आहे, ते त्यांत रंगांनी दाखवले. आज तिथे अशा पट्ट्यात घराचे तळघर खणायचे किंवा पोहण्याचा तलाव बांधायचा म्हटले तरी आधी माती तपासावी लागते. मातीच्या नमुन्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. ती फसफसून आली आणि तिचा पीएच झपाट्याने खाली गेला, की मातीत पायराइट आहे असा संशय पक्का होतो. नंतर प्रयोगशाळेत नेमके मोजमाप होते. २००० साली या मातीसाठी सबंध देशाचे धोरणही ठरले. त्याचे सार एका ओळीत सांगता येईल: शक्यतो हात लावू नका, लावलाच तर थोडा लावा, आणि जे उघडे पडेल ते चुना मिसळून किंवा पुन्हा पाण्याखाली गाडून शांत करा.

पण जिथे खोडी आधीच काढून झाली आहे तिथे काय करावे? याचे उत्तर क्वीन्सलँडमधल्या केर्न्स शहरासमोरच्या ईस्ट ट्रिनिटी येथे मिळाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे ऊस लावण्यासाठी सुमारे सात किलोमीटर लांबीची भिंत बांधून खाडीचे पाणी अडवले गेले. तिवरे मेली, माती वाळली, आम्ल सुटले, मासे मेले, आणि उसाचा बेतही पुढे फसला. ओसाड पडलेली ही जमीन २००० साली सरकारने विकत घेतली. सगळ्या जमिनीत पुरेल इतका चुना कालवायचा तर खर्च आवाक्याबाहेर होता. तेव्हा तज्ज्ञांनी भिंतीतले दरवाजे थोडे थोडे उघडून भरतीचे पाणी परत आत घेतले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यात गरजेपुरता चुना मिसळला. समुद्राच्या पाण्यात आम्ल मारणारे क्षार मुळातच असतात. शिवाय पाण्याखाली गेलेल्या चिखलात ते जुने जंतू पुन्हा कामाला लागले, आणि त्यांनी गंधकाला परत लोहाशी बांधून टाकले. आज तिथे पुन्हा तिवरे आहेत, मासे आहेत, पक्षी आहेत. जे काम भिंतीने बिघडवले ते दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीने बरेचसे सुधारले.

माणसाने चर खणला नाही तरी दुष्काळ हेच काम करू शकतो, हेही लक्षात ठेवावे. २००७ ते २०१० च्या दरम्यान मरे नदीच्या मुखाजवळची सरोवरे अवर्षणाने आटली, त्यांच्या तळाचा गाळ उघडा पडला, आणि आम्लाचा धोका इतका वाढला की २००९ साली तिथल्या ओढ्यांवर विमानातून चुनखडीची पूड टाकावी लागली. विमानातून चुना फवारण्यापेक्षा पाणी राखणे स्वस्त पडते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

आता आपल्या घरी येऊ. केरळात वेंबनाड सरोवराच्या काठी कुट्टनाड नावाचा प्रदेश आहे. समुद्रसपाटीच्याही खाली बांध घालून तिथे भात पिकवतात. या पद्धतीला २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारशाचा मान दिला. तिथल्या एका भागातल्या मातीला ‘करी’ म्हणतात. मल्याळम भाषेत करी म्हणजे कोळसा. माती काळीभोर, आत गाडलेल्या प्राचीन झाडांचे ओंडके, आणि चवीला म्हणाल तर आंबट. ही तीच आम्लाची माती. तिथला शेतकरी पेरणीआधी शेतात पाणी घेऊन ते धुऊन बाहेर टाकतो आणि वर चुना देतो. १९७० च्या दशकात खारे पाणी अडवण्यासाठी तण्णीरमुक्कम येथे बंधारा झाला. त्याचे दरवाजे कधी लावायचे आणि कधी उघडायचे, यावरून भातवाले आणि मासेवाले यांची तेढ अजून चालू आहे. भाताला गोडे पाणी हवे आणि कोळंबीला खारे. शिवाय भरती आत आली नाही की पाणी तुंबते, ते वेगळेच. ट्वीडकाठी झाले तसे दोन्ही पक्षांनी एका बांधावर बसून मोजमाप करावे, असे कोणालाही वाटेल.

गोव्यातील खाजन जमिनी आपल्यापैकी पुष्कळांनी आगगाडीतून किंवा मोटारीतून जाता जाता पाहिल्या असतील. खाडीकाठी मातीचे, जांभ्या दगडाचे बांध, आत भाताची खाचरे, आणि बांधात ‘मानस’ नावाचा लाकडी दरवाजा. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की याची कवाडे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. वीज नाही, यंत्र नाही. पावसाळ्यात कोरगुटसारखे खाऱ्या जमिनीत टिकणारे भात घ्यायचे, आणि नंतर भरतीबरोबर येणारे मासे, कोळंब्या धरायच्या. ही माती खारी आहे तशी आम्लही आहे, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. बांध घालणाऱ्या जुन्या गावकऱ्यांना पायराइट हा शब्द माहीत नव्हता. पण ही जमीन पार कोरडी करायची नसते, पाणी आत-बाहेर खेळते ठेवायचे असते, हे त्यांच्या व्यवस्थेत मुरलेले होते. बांध आणि दरवाजे सांभाळण्याचे काम पूर्वी गावकीकडे असे. कुळकायदा झाल्यावर ते कुळांच्या संघांकडे आले. आज कित्येक ठिकाणी बांध फुटलेले आहेत आणि खाचरे पडीक आहेत. जी व्यवस्था नवी उभारायला आता मोठा खर्च येईल, ती आपल्या डोळ्यांदेखत दुरुस्तीअभावी ढासळते आहे.

रायगड, रत्नागिरीकडच्या आपल्या खारजमिनींचे दुखणे मुख्यतः मिठाचे आहे. आम्लाचे भय घालून तिथल्या शेतकऱ्याला घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, आणि पनवेलच्या संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत येणारे भाताचे वाण दिले. पण खारेपाटातली उघाडी असो की गोव्यातला मानस, तिचे दार गंजले, मोडले, कोणी बसवलेच नाही, तर पाण्यावरचा ताबा सुटतो, आणि मग मीठ काय, आम्ल काय, जे त्या मातीत असेल ते वर येते.

मुंबई-ठाण्याच्या वाचकांना वाटेल, आमचा यात काय संबंध? खाडीच्या चिखलाचा तो कुजक्या अंड्याचा वास लोकलच्या खिडकीतून आपल्याला रोज येतो. तो चिखल दलदल आहे, फुकट गेलेली जागा आहे, असे समजून आपण तीवर भराव घातले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवने तोडण्यास मनाई केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठी आता न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालयापुढे प्रश्न आम्लाचा नव्हता. तरी तिवरे उभी राहिली आणि त्यांच्या मुळांशी भरती येत राहिली, तर खालचा गंधक बांधलेलाच राहतो, हा त्या निकालाचा न मागता मिळालेला लाभ आहे.

तेव्हा वाचकहो, खाडीकाठी जागा घेण्याचा विचार असेल तर किंमत, वीज, पाणी यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. पाया खणताना निघालेल्या काळ्या गाळाची तपासणी झाली आहे का, आणि तो गाळ कुठे नेऊन टाकणार आहेत? गावी खाजन किंवा खारजमिनीत तुमचा वाटा असेल, तर सणाला गेलात की एकदा बांधावर जाऊन उघाडीचे दार बंद होते की नाही ते डोळ्यांनी पाहून या. दुरुस्तीसाठी वर्गणी मागायला कोणी आले तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. बुडालेली जमीन ‘मिळवून देतो’ असे कोणी सांगू लागला, तर पाणी किती खाली उतरवणार, एवढे त्याला अवश्य विचारा.

चिखल पुरे झाला. फराळाचे ताट पुढे ओढा. आमच्या सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.